एका उपेक्षित वाङ्मयाचा कैवारी : कार्ल क्रुम्बाखर

मनुष्यांप्रमाणेंच कालखंडांचेंहि दैव असतें. कांहीं कालखंडांची कीर्ति सर्वत्र गाइली जाते, तर कांहींच्या वांट्यास केवळ उपेक्षा येते. ग्रीक भाषेचेंच उदाहरण घ्या. होमराचीं महाकाव्यें, सॉफोक्लीझचीं नाटकें व प्लेटोचे संवाद यांचीं नांवें आपल्याकडील शाळेंतील विद्यार्थ्यांच्याहि कानांवर आलेलीं असतात. नवा करार मूळ ग्रीक भाषेंत लिहिला गेला हेंहि पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु पुढें त्या भाषेचें काय झालें, असें विचारल्यास बहुतेकांस उत्तर देतां येत नाहीं. जणूं काय ती भाषा त्यानंतर मुकी झाली! वस्तुतः इ. स. ३३० मध्यें कॉन्स्टंटाइन बादशहानें बॉस्फरसच्या तीरावर आपली नवी राजधानी स्थापन केली तेव्हांपासून १४५३ सालीं तुर्कांनीं ती जिंकून घेईपर्यंत, म्हणजे अकराशें वर्षांहून अधिक काळ, तेथें ग्रीक भाषा नांदत होती. तिच्यांत प्रार्थना होत होत्या, इतिहास लिहिले जात होते व गाणीं गाइलीं जात होतीं. या प्रचंड वाङ्मयास युरोपच्या विद्यापीठांत मानाचें आसन मिळवून देण्यासाठीं ज्या पुरुषानें आपलें सर्व आयुष्य वेंचलें, त्या कार्ल क्रुम्बाखर यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

या वाङ्मयाची उपेक्षा कां झाली हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. त्या राज्यांतील लोक स्वतःस रोमन म्हणवीत. ‘बायझंटाइन’ हें नांव त्यांस पश्चिमेकडील पंडितांनीं मागाहून दिलें, व हिएरोनिमुस वोल्फ या जर्मन विद्वानाच्या १५५७ सालच्या ग्रंथापासून तें हळूहळू रूढ झालें. पुढें गिबन या इंग्रज इतिहासकारानें १७७६ ते १७८८ या काळांत आपला सुप्रसिद्ध इतिहास सहा खंडांत प्रसिद्ध केला. त्यांत या राज्याची कथा म्हणजे एक दीर्घ अधःपात, अशी त्यानें मांडणी केली. त्याच्या लेखणीचें सामर्थ्य असें कीं, पुढील कित्येक पिढ्यांस तोच निर्णय अखेरचा वाटला. ग्रीक भाषेचे प्राध्यापकहि अथेन्सच्या सुवर्णकाळाचें माप हातीं घेऊन बसले होते. त्या मापास जें उतरत नाहीं तें भ्रष्ट, व जें भ्रष्ट तें वाचण्याच्या योग्यतेचें नाहीं, असा त्यांचा न्याय होता. प्राचीन लेखकांविषयीं एखादी माहिती मिळावी एवढ्यापुरतेंच मध्ययुगीन ग्रंथ उघडले जात, व ती माहिती मिळाली म्हणजे पुनः मिटले जात.

अशा काळीं, ता. २३ सप्टेंबर १८५६ रोजीं, बव्हेरिया प्रांतांतील आल्गॉय नांवाच्या डोंगराळ मुलुखांत, केम्प्टन शहराजवळील क्युर्नाख या खेडेगांवीं क्रुम्बाखर यांचा जन्म झाला. हा गाईगुरांचा व हिरव्या कुरणांचा प्रदेश. तेथील मुलाच्या मनांत कॉन्स्टँटिनोपलच्या हस्तलिखितांचें वेड कोठून शिरावें, असें कोणासहि वाटेल. परंतु बव्हेरियाची राजधानी म्युनिक व ग्रीस देश यांचा त्या शतकांत निकट संबंध जडला होता. ग्रीस तुर्कांच्या सत्तेंतून मुक्त झाल्यावर १८३२ सालीं त्या देशाचा पहिला राजा म्हणून बव्हेरियाच्या राजाचा धाकटा पुत्र ओटो याचीच निवड झाली होती, व तो १८६२ पर्यंत सिंहासनावर होता. तसेंच, आजचे ग्रीक लोक हे प्राचीन ग्रीकांचे वंशज नसून स्लाव्ह लोकांचे वंशज आहेत, असें खळबळजनक मत १८३० सालीं मांडणारा फाल्मरायर हाहि जर्मन पंडितच होता, व त्याचें उत्तरायुष्य म्युनिक येथेंच गेलें. या मतामुळें ग्रीक लोक अत्यंत संतापले. परंतु मधल्या हजार वर्षांत ग्रीसमध्यें काय घडलें याचा शोध घेण्याची निकडहि त्यामुळेंच उत्पन्न झाली.

क्रुम्बाखर यांचें उच्च शिक्षण म्युनिक व लाइपझिग या विद्यापीठांत झालें. प्राचीन भाषा व भाषांचें तौलनिक शास्त्र हे त्यांचे विषय होते. म्युनिक येथील त्यांचे गुरु विल्हेल्म फॉन क्रिस्ट यांनीं १८७१ सालीं एका ग्रीक विद्वानाच्या साहाय्यानें प्राचीन ग्रीक ख्रिस्ती गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला होता. पुढें शिष्याच्या हातून त्याच क्षेत्रांत जें कार्य झालें, त्याचें बीज कदाचित् येथेंच पडलें असेल.

१८७९ सालीं शिक्षण संपवून क्रुम्बाखर म्युनिक येथील एका माध्यमिक शाळेंत शिक्षक झाले, व १८९१ पर्यंत तींच शाळा त्यांचें उपजीविकेचें साधन होती. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मोठे संशोधक म्हटले कीं, ते प्रथमपासूनच विद्यापीठाच्या भव्य ग्रंथालयांत निश्चिंतपणें बसलेले असावेत, अशी आपली समजूत असते. क्रुम्बाखर यांस बारा वर्षें मुलांच्या वर्गावर उभें राहावें लागलें. शाळेचें काम सांभाळून त्यांनीं १८८३ सालीं डॉक्टरची पदवी संपादन केली, व त्याच काळांत मध्ययुगीन आणि अर्वाचीन ग्रीक या विषयांत विद्यापीठांत व्याख्यानें देण्याचा अधिकारहि मिळविला. हा विषय पतकरण्यांत धाडस होतें. कारण त्या विषयाचें स्वतंत्र अध्यासनच तेथें नव्हतें. या वाटेनें जाणारास पुढें पद मिळेल अशी आशा धरण्यास जागा नव्हती. तरीहि त्यांनीं ती वाट सोडली नाहीं.

इ. स. १८८४-८५ मध्यें त्यांनीं ग्रीस व तुर्कस्तान या देशांचा दीर्घ प्रवास केला. प्राचीन अवशेष पाहण्यास जाणारे विद्वान पुष्कळ होते. त्यांची दृष्टि भग्न स्तंभांवर खिळलेली असे, व त्या स्तंभांच्या छायेंत बकऱ्या चारणाऱ्या गुराख्याशीं त्यांस कांहीं कर्तव्य नसे. क्रुम्बाखर यांनीं जिवंत माणसांकडे पाहिलें व त्यांची बोली कान देऊन ऐकिली. या प्रवासाचें वर्णन त्यांनीं १८८६ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. लोकांच्या मुखांतील ग्रीक भाषा मेलेली नसून होमरापासून अखंड वाहत आलेल्या प्रवाहाचेंच तें आजचें पाणी आहे, ही खूणगांठ त्यांच्या मनांत पक्की बसली. त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया हाच होय. दोन टोंकें जर एकाच भाषेचीं असतील, तर मधला भाग टाकून देऊन भागणार कसें?

या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं १८९१ सालीं दिलें. त्या वर्षीं त्यांचा ‘बायझंटाइन वाङ्मयाचा इतिहास’ प्रसिद्ध झाला. जस्टिनियन बादशहाच्या राज्यारोहणापासून, म्हणजे ५२७ पासून, १४५३ पर्यंतच्या वाङ्मयाचा पद्धतशीर आढावा त्यांत घेतला होता. कोणता लेखक केव्हां झाला, त्यानें काय लिहिलें, त्याचीं हस्तलिखितें कोठें आहेत, त्यावर आजपर्यंत कोणीं काय लिहिलें आहे, हें सर्व एका ठिकाणीं प्रथमच मिळालें. एका शाळामास्तरानें उभारलेला हा ग्रंथ पाहून युरोपांतील विद्वान आश्चर्यचकित झाले. सहा वर्षांनीं, १८९७ सालीं, दुसरी आवृत्ति निघाली ती पहिलीच्या दुपटीहून मोठी, सुमारें १२०० पृष्ठांची होती. धर्मशास्त्रविषयक भाग कॅथलिक धर्मगुरु आल्बर्ट एऱ्हार्ड यांनीं लिहिला, व राजकीय इतिहासाची रूपरेषा हाइनरिख गेल्झर यांनीं जोडिली. आपणांस जें उत्तम येत नाहीं तें दुसऱ्याकडून करवून घेण्यांत क्रुम्बाखर यांनीं कधीं कमीपणा मानला नाहीं.

या ग्रंथांत काय काय आहे याची कल्पना येण्यासाठीं दोन-तीन उदाहरणें पुरेत. बाराव्या शतकांतील कांहीं कविता एका दरिद्री पंडिताच्या तोंडीं घातलेल्या आहेत. बापानें शीक म्हणून सांगितलें, तो शिकला, व आतां फडताळ उघडावें तों आंत भाकरीऐवजीं कागदच कागद! शेजारचा चांभार मात्र सकाळींच पोटभर जेवतो. हें गाऱ्हाणें चालू बोलींत लिहिलें आहे व तें बादशहाच्या पायांशीं सादर केलें आहे. नवव्या शतकांतील कास्सिया या विदुषी जोगिणीचीं वचनें व गीतें क्रुम्बाखर यांनीं १८९७ सालीं स्वतंत्र निबंधांत प्रसिद्ध केलीं. प्रभूच्या पायांशीं रडणाऱ्या पापी स्त्रीविषयींचें तिचें गीत ग्रीक मंडळींत पवित्र सप्ताहांत गातात. मध्ययुगीन ग्रीक म्हणींचाहि एक संग्रह त्यांनीं १८९३ सालीं छापला. राजवाड्यांतील काव्याइतकाच बाजारांतील म्हणीसहि ते मान देत.

तिसरें उदाहरण आपल्या अगदीं जवळचें आहे. पंचतंत्रांतील करटक व दमनक हे दोन कोल्हे कोणास ठाऊक नाहींत? ती कथा संस्कृतांतून पहलवी भाषेंत व तेथून अरबींत गेली. अरबींत त्या कोल्ह्यांचीं नांवें कलीला व दिमना अशीं झालीं. अकराव्या शतकाच्या अखेरीस सिमेऑन सेथ यानें आलेक्सिओस बादशहासाठीं तिचें ग्रीक भाषांतर केलें, तेव्हां तेच कोल्हे स्तेफानितिस व इख्निलातिस हीं नांवें घेऊन कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारीं हजर झाले. त्याचप्रमाणें राजपुत्र सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा अनेक भाषांतून फिरत फिरत ग्रीक भाषेंत पोहोंचली व बार्लाम आणि योआसाफ या ख्रिस्ती साधूंची कथा म्हणून सर्व युरोपभर वाचली गेली. ज्या वाङ्मयास लोक ओसाड रान म्हणत होते, तें पूर्व व पश्चिम यांस जोडणारा केवढा वाहता रस्ता होता, हें यावरून दिसून येईल.

ग्रंथ लिहून क्रुम्बाखर थांबले नाहींत. एका मनुष्यानें लिहिलेला ग्रंथ कालांतरानें जुना होतो. परंतु शास्त्र जिवंत राहावयाचें तर त्यास माणसें, नियतकालिक व पाठशाळा हीं तिन्ही लागतात, हें त्यांनीं ओळखिलें. १८९२ सालीं त्यांनीं केवळ याच विषयास वाहिलेलें त्रैमासिक लाइपझिग येथून सुरू केलें. त्यांत निरनिराळ्या देशांच्या विद्वानांचे लेख येत. आणि जगांत या विषयावर जें जें कांहीं छापलें जाई, त्याची टिपणासह यादी प्रत्येक अंकांत दिली जाई. हें काम कंटाळवाणें खरें, पण तें त्यांनीं वर्षानुवर्षें केलें. तें नियतकालिक आज सव्वाशें वर्षांनंतरहि चालू आहे. १८९७ सालीं म्युनिक विद्यापीठांत मध्ययुगीन व अर्वाचीन ग्रीक भाषेचें अध्यासन निर्माण होऊन त्यावर त्यांची नेमणूक झाली, आणि लवकरच त्यास जोडून स्वतंत्र अभ्यासमंदिरहि उभें राहिलें. तेथें ग्रीस, रशिया, बाल्कन देश व पश्चिम युरोप येथून विद्यार्थी येऊं लागले. रशियन विद्वानांनीं या विषयांत मोठें कार्य केलें आहे, म्हणून क्रुम्बाखर स्वतः रशियन शिकले व इतरांसहि ती भाषा शिकण्याचा आग्रह करीत. हस्तलिखितें पाहण्यास दूरदूरच्या मठांत जाणें सर्वांस शक्य नसतें, म्हणून छायाचित्रांचा उपयोग करावा, असें प्रतिपादन करणारा निबंधहि त्यांनीं १९०६ सालीं लिहिला. आज आपणांस ही गोष्ट सहज वाटते. त्या वेळीं ती नवी होती.

त्यांच्या सर्व आवडींत श्रेष्ठ आवड म्हणजे रोमानोस हा भक्तकवि. सहाव्या शतकांतील हा कवि सिरियांतील एमेसा येथें जन्मला, बेरूत येथें मंडळीचा सेवक झाला व पुढें कॉन्स्टँटिनोपलला आला. प्रभूचा जन्म, शिष्यांचे अनुभव, उधळ्या पुत्र इत्यादि विषयांवर त्यानें दीर्घ गीतें रचिलीं. त्याच्या गीतांतील छंद ऱ्हस्वदीर्घावर नव्हे तर शब्दांतील आघातांवर बसविलेला आहे, म्हणजे जशी लोकांची बोली तशी त्याची चाल. कडव्यांचीं आद्याक्षरें जोडिलीं म्हणजे त्यांतून कवीचें नांव निघतें. प्राचीन छंदांच्या मापानें मोजणारांस हीं गीतें गद्यासारखीं वाटलीं होतीं. क्रुम्बाखर यांस त्यांत ख्रिस्ती जगांतील एका महाकवीची वाणी ऐकूं आली. पात्मोस बेटावरील मठांत व इतरत्र असलेल्या हस्तलिखितांच्या आधारें या गीतांची संपूर्ण शुद्ध आवृत्ति काढावी, हा त्यांचा संकल्प होता. त्यासाठीं त्यांनीं एकामागून एक निबंध लिहिले, पाठ ताडून पाहिले, आद्याक्षरांचा विचार केला, खरीं व खोटीं गीतें निवडलीं. हें काम त्यांच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत चाललें होतें.

आतां त्यांच्या आयुष्यांतील कसोटीचा प्रसंग सांगावयाचा. ग्रीक लोक क्रुम्बाखर यांस आपला परम मित्र मानीत. त्यांच्या इतिहासाचें ग्रीक भाषांतरहि झालें होतें. परंतु ग्रीस देशांत त्या वेळीं भाषेचा एक तीव्र वाद पेटलेला होता. सरकारी कागदपत्र, शाळा व ग्रंथ यांत वापरली जाणारी भाषा प्राचीन वळणाची, व्याकरणानें जड केलेली अशी होती; घरीं, शेतांत व बाजारांत लोक निराळीच भाषा बोलत. १९०१ सालीं आलेक्झांडर पाल्लिस यानें शुभवर्तमानाचें बोलभाषेंतील भाषांतर अथेन्सच्या एका वर्तमानपत्रांत छापण्यास आरंभ केला, तेव्हां विद्यार्थ्यांनीं व जमावानें दंगा केला. त्यांत आठ माणसें प्राणांस मुकलीं, अथेन्सच्या मुख्य धर्माध्यक्षास पद सोडावें लागलें व मंत्रिमंडळहि कोसळलें. आपण लहानपणापासून मातृभाषेंत पवित्र शास्त्र वाचीत आलों आहों. आपणांस हें ऐकून नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं.

या घटनेस एक वर्ष झालें न झालें तोंच, १९०२ च्या नोव्हेंबरांत, क्रुम्बाखर यांनीं बव्हेरियाच्या विद्वत्परिषदेपुढें याच प्रश्नावर व्याख्यान दिलें. मौन धरणें सोपें होतें, व तसें केल्यानें मित्र टिकले असते. परंतु लोकांच्या भाषेंत लिहिल्यावांचून ग्रीक राष्ट्राचें वाङ्मय व शिक्षण फुलणार नाहीं, कृत्रिम भाषेचें ओझें मुलांच्या मानेवरून उतरविलें पाहिजे, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. याबद्दल ग्रीसमध्यें त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. परक्यानें आमच्या घरांत नाक खुपसूं नये, असें कित्येकांस वाटलें. अथेन्सचे प्रख्यात भाषाशास्त्रज्ञ हाजिदाकिस यांनीं १९०५ सालीं त्यांस सविस्तर उत्तर दिलें. हाजिदाकिस हे कांहीं सामान्य पंडित नव्हते; लोकभाषेच्या उगमाचा शास्त्रीय अभ्यास त्यांनींच केला होता. तरीहि लिहिण्याची भाषा सोडूं नये असें त्यांचें मत पडलें. क्रुम्बाखर यांनीं आपलें मत बदललें नाहीं. हजार वर्षांच्या वाङ्मयाचा अभ्यास करून जें सत्य त्यांस दिसलें, तें मित्रांस अप्रिय होतें म्हणून त्यांनीं झांकून ठेविलें नाहीं. पुढें १९७६ सालीं ग्रीक सरकारनें बोलभाषेसच शिक्षणाची व राज्यकारभाराची भाषा ठरविलें. तो दिवस पाहण्यास क्रुम्बाखर नव्हते, व हाजिदाकिसहि नव्हते.

ता. १२ डिसेंबर १९०९ रोजीं म्युनिक येथें क्रुम्बाखर यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय अवघें ५३ वर्षांचें होतें. संत जॉर्ज याच्या ग्रीक कथांवरील त्यांचा ग्रंथ एऱ्हार्ड यांनीं १९११ सालीं छापवून घेतला. अध्यासनावर त्यांचेच शिष्य ऑगुस्ट हाइझेनबर्ग आले. तेहि गुरूप्रमाणेंच शाळेंतील शिक्षक होते. पुढें पदार्थविज्ञानांत नोबेल पारितोषिक मिळविणारे वेर्नर हाइझेनबर्ग हे त्यांचेच पुत्र. रोमानोसाची आवृत्ति मात्र अपुरीच राहिली. पाउल मास या तरुण विद्वानानें तें काम हातीं घेतलें. मध्यंतरीं दोन महायुद्धें झालीं; मास हे ज्यू असल्यामुळें त्यांस १९३९ सालीं जर्मनी सोडून ऑक्सफर्ड येथें आश्रय घ्यावा लागला. अखेर १९६३ सालीं मास व त्रिपानिस या दोघांच्या नांवें रोमानोसाच्या ५९ अस्सल गीतांची आवृत्ति ऑक्सफर्ड येथें प्रसिद्ध झाली. क्रुम्बाखर यांच्या मृत्यूस तेव्हां ५४ वर्षें होत आलीं होतीं.

क्रुम्बाखर यांचा प्रत्येक निर्णय बरोबर होता असें नाहीं. प्राचीन वळणाच्या ग्रंथांची ते कधीं कधीं फार कठोर परीक्षा करीत, व त्या विद्वत्तेंतील खुबी त्यांस पुरतेपणीं दिसली नाहीं, असें नंतरच्या अभ्यासकांस वाटतें. त्यांच्या महाग्रंथाची जागाहि आतां नव्या ग्रंथांनीं घेतली आहे. परंतु ती घेण्यास काय लागलें पाहा! बेक यांनीं १९५९ सालीं धर्मविषयक वाङ्मयावर व १९७१ सालीं लोकवाङ्मयावर ग्रंथ लिहिले, आणि हुंगर यांनीं १९७८ सालीं विद्वद्भाषेंतील ऐहिक वाङ्मयाचे दोन खंड सिद्ध केले. शाळेचे तास संपवून रात्रीं दिव्याजवळ बसणाऱ्या एका शिक्षकानें ज्या कामाचा आरंभ केला, तें पुरें करण्यास अशीं मोठीं माणसें व इतकीं वर्षें लागलीं.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावें? क्रुम्बाखर यांनीं कोणतें नवें राज्य जिंकलें नाहीं, कीं नवें यंत्र शोधून काढलें नाहीं. सर्वांनीं टाकून दिलेल्या एका शेतांत ते एकटे उतरले, त्यांतील दगड वेंचले, नांगर धरिला, आणि पीक दुसऱ्यांच्या हातीं लागेल हें ठाऊक असूनहि पेरणी केली. ज्या गोष्टीस जग तुच्छ लेखतें ती खरोखरच तुच्छ आहे काय, हें स्वतः वाचून, पाहून व ऐकून ठरवावें; ऐकीव निर्णयावर विसंबूं नये. आणि जें काम आपल्या हयातींत संपणार नाहीं तेंहि अशा नेटकेपणानें करावें, कीं मागून येणारास आपण जेथें थांबलों तेथूनच पुढें चालूं लागतां यावें. म्युनिकच्या या शाळामास्तराचें सारें आयुष्य म्हणजे याच दोन गोष्टींचा धडा होय.